लायनर आणि इन्सर्टचा सांधा दर हिवाळ्यात सुटतोय? आधी सिमेंटचा डबा खाली ठेवा

काच काळी पडायला लागली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सेंट्रल मॅसॅच्युसेट्समधलं आमचं घर १९६४ सालचं. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आणि घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून वर गेलेली चिमणी. (पुण्या-मुंबईत हल्ली चिमणी म्हटलं की गॅसवरचा हूड डोळ्यांसमोर येतो. इथे चिमणी म्हणजे खरंखुरं धुराडं.) डिसेंबर २००८ च्या बर्फाळ पावसात या भागात कितीतरी घरांची वीज अनेक दिवस गेली होती. त्या आठवणीने आमच्या गल्लीत अजूनही प्रत्येकजण अंगणात लाकडं रचून ठेवतो. आम्ही २०२१ च्या शरदात इन्सर्ट बसवून घेतला. जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवायची, काचेच्या दाराची ही बंद भट्टी. तिच्या डोक्यावरच्या गोल तोंडापासून, म्हणजे कॉलरपासून, थेट छपरावरच्या टोपीपर्यंत ६ इंची स्टेनलेसचा लवचीक लायनर, म्हणजे जुन्या धुराड्याच्या आतून धूर वर नेणारी नळी.

पहिला हिवाळा मजेत गेला. दुसऱ्या वर्षी जानेवारीत काच दोन दिवसांत काळी व्हायला लागली, आग सुस्तावली आणि सकाळी खाली आलं की डांबराचा वास. बसवणारा माणूस आला. त्याने भोवतीची पत्र्याची चौकट, म्हणजे सराउंड, काढली, लायनर आणि इन्सर्टच्या सांध्यावर भट्टीचं सिमेंट थापलं, पैसे घेतले आणि गेला. महिनाभर ठीक. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, पुन्हा सिमेंट. तिसऱ्या खेपेला मी त्याला बोलावलंच नाही. ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी, तेव्हा काय सापडलं आणि काय केलं ते सविस्तर लिहितोय.

धूर बाहेर येत नाही म्हणजे सांधा शाबूत, असं नाही

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही, म्हणून ती आधी सांगतो. सांधा सुटला की घरात धूर भरेल असं आपण धरून चालतो. पण चिमणी तापलेली असते तेव्हा तिच्यात ओढ असते. आतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. अशा नळीला फट पडली तर धूर बाहेर येत नाही, खोलीतली हवा आत खेचली जाते. ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता त्यांना हे पटकन कळेल. मधली नळी तापली की धूर सरळ वर जातो. नळी गार पडली की ओढच मरते आणि निखारा मंदावतो.

इन्सर्टचंही तसंच. फटीतून शिरलेली गार हवा धुरात मिसळते, लायनर थंड पडतो, भट्टीला मिळायची ती ओढ फटीतच खर्च होते. आग मंद, काच काळी. धूर २५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं लायनरच्या भिंतीवर बसायला लागतात. तेच क्रिओसोट. आपण मात्र लाकूडवाल्याला शिव्या घालत बसतो की लाकडं ओली दिली. मी दोन हिवाळे घातल्या.

धूर किंवा वास खोलीत येतो तो ओढ कमी असते तेव्हा: पेटवताना, उलटा वारा आला की, आणि पहाटे नुसते निखारे उरल्यावर. यातली शेवटची वेळ सगळ्यात वाईट, कारण निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो दिसतही नाही, वासही येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ पासून घरात त्याचा अलार्म लावणं कायद्याने सक्तीचं आहे. तुमच्या राज्यात नसेल तरी लावा. तो वाजला तर सांधा तपासत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

दार उघडल्यावर धूर तोंडावर येत असेल आणि एरवी सगळं ठीक असेल, तर दुखणं बहुधा वेगळं आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय. उन्हाळ्यात, आग नसताना वास येत असेल तर तो साचलेल्या क्रिओसोटचा. घरातली हवा एसी-पंख्यांनी बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई चिमणीतून खाली येते.

उदबत्ती, टॉर्च, आरसा

इन्सर्ट ४०० पौंडांच्या पुढचा. तो बाहेर ओढायच्या आधी अर्ध्या तासात बरंच कळू शकतं.

इन्सर्टचा पंखा बंद करा. आग चांगली पेटून तासभर झाला की उदबत्ती घेऊन सराउंडच्या कडेकडेने फिरवा. त्या मागची पोकळी वर टॉप प्लेटने, म्हणजे चिमणीच्या तोंडावरच्या पत्र्याच्या झाकणाने, बंद असते, म्हणजे तिथे हवेला जायला वाट नाही. थोडी हालचाल असते. धूर इकडेतिकडे डुलला तर काळजी नको. पण तो दोऱ्यासारखा सरळ आत खेचला जात असेल तर मागे कुठेतरी वाट आहे. आता हवेचा दांडा, म्हणजे भट्टीत किती हवा जाते ते ठरवणारा, बंद करून पाहा. भट्टीला हवा कमी मिळाली की नळीतली ओढ उरलेल्या फटींवर जास्त जोर लावते. आमच्याकडे दांडा बंद करताच उदबत्तीचा धूर सराउंडच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नाहीसा व्हायला लागला. वरच्या टोकाला टॉप प्लेट उसवलेली असेल तरी असंच होऊ शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

दुसऱ्या दिवशी, भट्टी पूर्ण थंड झाल्यावर, आतून बघायचं. भट्टीच्या छताला एक आडवी फळी असते, तिला बॅफल म्हणतात. ती कशी काढायची ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. काही फळ्या ठिसूळ असतात, हात लावताना जपून. ती काढली की टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन, किंवा फोनचा कॅमेरा वर धरून, कॉलरमध्ये पाहा. लायनरच्या खालच्या टोकाला कनेक्टर नावाचा एक कडक तुकडा असतो. त्याचं तोंड कॉलरच्या आत उतरलेलं दिसायला हवं, बाहेरून टोपीसारखं बसलेलं नाही. वरून ओघळणारं क्रिओसोट भट्टीत पडावं, पोकळीत नाही, म्हणून ही रचना. कड सगळीकडे सारखी उतरलेली आहे का, आणि तीन स्क्रू तीन बाजूंना दिसतायत का? मला एकच दिसला. कनेक्टर एका बाजूला अर्धा इंच आत होता, दुसऱ्या बाजूला काठावर. डब्याचं झाकण तिरकं बसतं तसा.

बायकोने त्याच वेळी सराउंड काढून मागून पाहिलं. मी आतून टॉर्च लावला, खोलीतले दिवे घालवले. कॉलरच्या मागच्या अंगाला उजेडाची चंद्रकोर उठली. सिमेंटच्या दोन थरांचे तुकडे इन्सर्टच्या टपावर पडले होते.

बाहेर काढल्यावर

आधी आतून स्क्रू काढून कनेक्टर सोडवायचा, मगच इन्सर्ट ओढायचा. उलट केलं तर लायनरच्या खालच्या वळ्या फाटतात. मग नुसता सांधा नाही, लायनरच बदलावा लागतो. दार, आतल्या विटा, बॅफल सगळं काढलं की वजन बऱ्यापैकी कमी होतं. फरशीवर प्लायवुड, त्यावर जुना गालिचा उलटा, आणि दोन माणसं.

त्या महिन्यात माझे सासरे इथे होते. एस.टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना घरात सगळे अण्णाच म्हणतात. इन्सर्ट बाहेर आल्यावर ते गुडघ्यावर बसले, लटकणाऱ्या कनेक्टरला हात लावला आणि म्हणाले, "जावईबापू, हा पाइप ताणून कुणी बसवलाय?"

मला तोवर पाइप ताणलेला आहे हे दिसलंच नव्हतं. मी सांध्याकडेच बघत होतो.

"गाडीच्या सायलेन्सरचं असंच असतं," ते म्हणाले. "हँगर ताणून बसवला की फ्लँज फुटणारच. वेल्डिंग कितीही मारा. आधी पाइपला मोकळा करायचा."

नंतर मी कागदावर हिशेब मांडला. आमचा लायनर २४ फुटांचा, म्हणजे २८८ इंच. स्टेनलेस दर अंश फॅरनहाइटला लांबीच्या एक लाखांशाच्या साधारण ९ दशांश इतका वाढतो. लायनर सरासरी ४०० अंशांनी तापला तर वाढ होते सुमारे १ इंच. वर टॉप प्लेटला त्याला क्लॅम्पने टांगलेलं असतं, म्हणजे तो खाली वाढतो. रात्री तापला की इंचभर खाली ढकलतो, सकाळी गार झाला की वर ओढतो. लायनरला जरा झोळ असेल तर वळ्या-वळ्यांमध्ये हे सगळं जिरतं. लवचीक लायनर वापरण्याचा एक फायदाच तो. पण तार ताणावी तसा तो बसवला तर सगळी ओढाताण एकाच ठिकाणी येते, खालच्या सांध्यावर. नोव्हेंबर ते मार्च, रोज.

त्यात भर म्हणजे आमची चिमणीची नळी कॉलरच्या बरोबर वर नाही, तीन-चार इंच मागे आहे. सरळ कनेक्टर लावून लायनर पुढे ओढून घेतला होता. म्हणजे तो सांध्याला वर ओढतोय आणि मागेही. तिरका बसणारच.

तिसरं कारण डॅम्परपाशी होतं. जुन्या फायरप्लेसच्या घशात लोखंडी झाकण असतं, त्याची चौकट अरुंद. तिच्यातून ६ इंची नळी जाईना म्हणून ती ठोकून चपटी केली होती, आणि चौकटीच्या धारेत ती अडकून बसली होती. त्यामुळे वरचा झोळ, असता तरी, खाली पोचला नसता. चपटं करण्याचा दुसरा तोटा क्षेत्रफळाचा. ६ इंची गोल नळीचं तोंड २८ चौरस इंचांचं. तीच नळी दाबून ४ इंच जाडीची केली तर २५ च्या आसपास उरतं, चालून जातं. ३ इंचांवर आणलीत तर २१. पाव भाग गेला. आमची एका जागी साडेतीनच्याही खाली होती.

सिमेंट का टिकत नाही

भट्टीचं सिमेंट फट बुजवतं, धरून ठेवत नाही. वाळल्यावर ते बिस्किटासारखं असतं: दाब सोसेल, ताण किंवा हलणं सोसणार नाही. स्क्रूंनी पक्क्या केलेल्या सांध्यावर पातळ थर दिला आणि पहिल्या दोन-तीन आगी छोट्या ठेवल्या तर ते वर्षानुवर्षं राहतं. हलणाऱ्या सांध्यावर थापलं तर महिन्याभरात तडा जातो. जाड थापलं तर आणखी लवकर, कारण आतलं पाणी एकदम उकळून फोड येतात. म्हणून कुणी "सिमेंट परत मारून देतो" म्हणाला तर त्याला आधी विचारा: स्क्रू किती लागलेत, आणि लायनरला झोळ आहे का?

अण्णांना अॅस्बेस्टॉसची दोरी हवी होती. वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर तीच वापरलेली. ती इथे कुणी देणार नाही, आणि देऊ नये. इथे फायबरग्लासची दोरी किंवा चपटी पट्टी मिळते. पण तीही इन्सर्टच्या निर्मात्याने त्या सांध्यावर सांगितली असेल तरच वापरा.

दुरुस्ती आम्ही कशी केली

सुरुवात छपरावरून. तिथे मी चढलो नाही. सीएसआयए, म्हणजे चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, या संस्थेचं प्रमाणपत्र असलेला एक स्वीप, म्हणजे चिमणी झाडणारा, बोलावला. सुदैवाने टॉप प्लेटच्या वर, टोपीखाली, लायनरचे तीन-साडेतीन इंच शिल्लक होते. त्याने टोपी उचलली, क्लॅम्प सैल केला, लायनर दोन इंच खाली सोडला आणि पुन्हा आवळून सिलिकोन मारलं. एवढ्यानेच अर्धं काम झालं. वर शिल्लक नसेल तर लायनर ओढून लांब करायचा मोह होतो. तो करू नका. खालच्या बाजूला जास्त लांबीचा किंवा सरकता कनेक्टर घ्या.

डॅम्परची चौकट त्याने अँगल ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापली. ठिणग्या आणि बीड लोखंडाची धूळ खूप उडते. फर्निचर झाका, आणि चौकटीवर विटांचा भार नाही ना हे पाहिल्याशिवाय कापू नका. चपटा झालेला भाग त्याने काढून टाकला. नवा लायनर घालावा लागला नाही, कारण चपटा भाग अगदी तळाशी होता आणि खाली सोडलेली लांबी आणि नवा कनेक्टर मिळून तेवढं भरून निघालं.

सरळ कनेक्टरच्या जागी ३० अंश वळणाचा घेतला, म्हणजे मागची नळी आणि पुढची कॉलर यांच्यातलं अंतर त्या कडक तुकड्याने भरून काढलं, लायनरने नाही. काही इन्सर्टना निर्माताच सरकती कॉलर देतो: ती आधी लायनरला जोडायची, इन्सर्ट आत ढकलायचा आणि भट्टीच्या आतून बोल्टने आवळायची. तुमच्या मॉडेलला ती मिळत असेल तर दुसरं काही बघूच नका. आम्हाला मिळत नव्हती. तेव्हा आतून ओढून घ्यायची पट्टी वापरली. कनेक्टरच्या आत दोन कान असतात, त्यात लांब बोल्ट, खाली कॉलरच्या तोंडावर आडवी पट्टी. बोल्ट आवळत गेलं की कनेक्टर सरळ खाली बसत जातो. पूर्ण बसल्यावर तीन स्क्रू आणि मग पट्टी काढून टाकायची. ती तशीच ठेवली तर धुराच्या वाटेत आडवी येते आणि त्यावर काजळी धरते.

स्क्रूंबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आळस इथेच होतो. तीन, सारख्या अंतरावर, स्टेनलेसचे. आमची कॉलर बीड लोखंडाची. त्यात आधीपासून तीन भोकं होती, पण कनेक्टरची भोकं त्यांच्याशी जुळत नव्हती. म्हणून आधीच्या माणसाने एकच लावला आणि बाकी सिमेंटवर सोडलं. बरोबर पद्धत अशी: इन्सर्ट बाहेर असतानाच कनेक्टर कॉलरमध्ये बसवून, कॉलरच्या भोकांतून खूण करून कनेक्टरला भोकं पाडायची आणि दोन्हींवर मार्करने एक उभी रेघ मारायची, म्हणजे आत गेल्यावर फिरवून जुळवता येतं. बीड लोखंडाला नवं भोक पाडावंच लागलं तर कोबाल्टचं ड्रिल, मंद वेग, थेंब-थेंब तेल. घाई केलीत तर कॉलर तडकते, आणि मग खरा खर्च. आत बसल्यावर मागच्या स्क्रूला हात पोचत नाही. त्यासाठी काटकोनी ड्रिल भाड्याने मिळतं. माझ्या उजव्या कोपराला महिनाभर काजळीचा डाग होता.

शेवटी सिमेंटचा पातळ थर. सांध्यात, सांध्यावर नाही.

डॅम्परच्या पातळीवर पोलादी पत्र्याची आडवी प्लेटही बसवून घेतली. ती नसेल तर इन्सर्टच्या भोवतीची गरम हवा जुन्या धुराड्याच्या पोकळीत जाऊन बाहेरच्या विटा तापवत बसते. प्लेटमधून लायनर जातो त्या भोकात मात्र त्याला घट्ट आवळायचं नाही. आवळलंत तर पुन्हा तोच ताण, फक्त दोन फूट वर. भोक जरा मोठं ठेवायचं आणि भोवती मिनरल वूल खोचायची. घराच्या भिंतीतली गुलाबी फायबरग्लास तिथे चालत नाही. उष्णतेने तिच्यातला चिकटा जळून जातो.

"मग लायनर हवाच कशाला?"

हे मला दोन मित्रांनी विचारलं, म्हणून थोडक्यात. पूर्वी इन्सर्ट नुसता पोकळीत ढकलून देत, धूर जुन्या धुराड्यात सोडत. आमचं धुराडं आतून साधारण सव्वा अकरा इंच चौरस, म्हणजे सव्वाशे चौरस इंचांच्या वर. कॉलर २८ ची. चौपटीहून जास्त. अमेरिकेत चिमण्यांसाठी वापरलं जाणारं एनएफपीए २११ हे मानक म्हणतं, घराच्या आतून जाणारी चिमणी कॉलरच्या तिपटीपेक्षा मोठी नको, आणि बाहेरच्या भिंतीवर उघडी असेल तर दुपटीपेक्षा. बंद भट्टीतला थोडा, गारठत जाणारा धूर एवढ्या मोठ्या थंड पोकळीत रेंगाळतो आणि सगळं डांबर भिंतींवर सोडतो. ते कधीतरी पेटतं. त्या आगीचं तापमान २००० अंश फॅरनहाइटवर जाऊ शकतं. लायनर सुटून तसाच राहिला तर निम्मा प्रकार तोच.

लायनर घेताना यूएल १७७७ या लायनरच्या सुरक्षा-मानकाची नोंद असलेला घ्या आणि इन्सुलेशनची गुंडाळी त्याच्या अटींप्रमाणेच. गुंडाळी अर्ध्या इंचाची असली तरी व्यास इंचाने वाढतो, आणि ८ बाय ८ म्हणून विकलेल्या जुन्या मातीच्या नळीत आतून ७ इंचही मिळत नाहीत. तिथे गुंडाळलेला ६ इंची लायनर मध्येच अडकून बसलेल्या कथा मी दोन ऐकल्यात. दुहेरी पत्र्याचा, आतून गुळगुळीत लायनर असेल तर त्यावर बाण असतो. तो बाण पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेलाच हवा.

सांधा पक्का, तरी धूर?

असं आमच्याकडे एकदाच झालं, आणि दोष फोडणीचा निघाला. स्वयंपाकघरात आम्ही मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा हूड लावून घेतलाय, मिरचीच्या ठेच्यासाठी. घर नव्या खिडक्यांनी घट्ट केलेलं. हूड पूर्ण वेगात चालू, त्याच वेळी मी इन्सर्टचं दार उघडलं आणि धूर सरळ दिवाणखान्यात. हवा कुठूनतरी यायला हवी, ती चिमणीतून आली. ४०० च्या वरच्या हूडला बाहेरून ताजी हवा आत आणायची सोय हवी, असा नियम इथल्या बऱ्याच ठिकाणच्या बांधकाम संहितेत आहे. तो आम्ही नंतर वाचला. सध्या दार उघडायच्या आधी हूड बंद, आणि लागलंच तर जवळची खिडकी इंचभर उघडी.

थंड सकाळी बाहेरच्या भिंतीवरची चिमणी गार हवेने भरलेली असते, ती खाली कोसळत असते. आधी कॉलरखाली वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवा, नळी तापू द्या. मोठी लाकडं खाली, चिरफळ्या वर, आणि आग वरून लावायची. चुलीच्या सवयीला हे उलटं वाटतं, पण धूर निम्म्याने कमी होतो असं मला दिसलं. चिमणी छपराच्या वर पुरेशी आहे का तेही पाहा: छपरातून निघते तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या किमान २ फूट वर.

लाकडाची ओल मोजायचं यंत्र तीस डॉलरच्या आत मिळतं. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूवर मोजा, सालीवर नाही. २० टक्क्यांच्या वर असेल तर पुढच्या वर्षासाठी ठेवून द्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण या भट्टीत खोटी ठरते. ओलं नुसतं धुमसतं, आणि त्याच्या नादाने सुकंही. लाकूडवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. त्याची लाकडं १७ टक्क्यांवर होती.

झाडताना

एनएफपीए २११ प्रमाणे चिमणी वर्षातून एकदा तपासायला हवी. पण झाडण्याची पद्धतही सांध्याला भारी पडते. वरून ब्रश ढकलत आणला की तो शेवटी कनेक्टरच्या वळणावर आपटतो. आमच्याकडे एकच स्क्रू होता तेव्हा दर वर्षीच्या झाडणीने कनेक्टर थोडा-थोडा निसटत गेला असणार. काम झाल्यावर कुणी आतून पाहायचं नाही, आणि डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच फटीवर भट्टी पेटवायचो. आता स्वीप खालून, भट्टीतूनच झाडतो: बॅफल काढून, लवचीक काठ्या आणि प्लास्टिकचा ब्रश. स्टेनलेसला तारेचा ब्रश नको. बॅफल परत लावायच्या आधी मी कॉलरचा फोटो घेतो, तीन स्क्रू आणि दोन्ही रेघांसह, आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघतो. नगरपालिकेच्या बांधकाम खात्याकडे परमिट काढून हे काम केलं, तेव्हा तपासायला आलेल्या निरीक्षकाने मला तीन स्क्रू दाखवायला सांगितलं. आधीच्या कामाला परमिट होतं की नाही, हे त्याने विचारलं. मी गप्प बसलो. तुम्ही काम देण्याआधीच विचारा.

नव्या सांध्यानंतर पहिल्या तीन आगी चिरफळ्यांच्याच केल्या, तासा-तासाच्या. चौथ्या दिवशी पूर्ण भट्टी पेटवून पंखा बंद केला आणि अण्णांनी देवघरातून उदबत्ती आणली. दांडा उघडा असताना धूर सरळ वर. दांडा बंद केल्यावरही सरळ वर. फेब्रुवारीअखेरीस, म्हणजे सिमेंट नेहमी तडकायचं त्या सुमारास, पुन्हा पाहिलं. काच आता दहा-बारा दिवसांनी पुसावी लागते, ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्याला थोडी राख लावून.